फक्कीची रेघ

“अहो, ते कपाट सोडा आधी!” सविताबाई दारातूनच ओरडल्या. “तुमच्या फक्कीनं गावात धिंगाणा घातलाय.”

गहिनीनाथ सरांनी कपाट सोडलं नाही. ते अर्धं भिंतीला आणि अर्धं दारात असं तिरपं अडकलं होतं, आणि सर त्याला पाठ लावून रेटत होते. या घरात दर दोन-तीन महिन्यांनी कपाट भिंत बदलायचं, पलंग तोंड फिरवायचा. देव्हारा तेवढा सविताबाईंच्या धाकामुळे जागच्या जागी राहिला होता. आलेल्या पाहुण्याला मागच्या वेळची खुर्ची कधी सापडायची नाही. या माणसाच्या पायाला भिंगरी आहे म्हणावं, तर नोकरी सगळी एकाच शाळेत झालेली. भिंगरी होती ती डोक्यात.

“कसला धिंगाणा?”

“गिरणीवर बायका बोलत होत्या. म्हणे, काल मोजणीवाले येऊन फक्की मारून गेले. आता मशीन येणार आणि रस्त्याकडेची सगळी दुकानं पाडणार. गिरणीवाल्यानं पाटी उतरवून ठेवलीय. सलूनवाला आरसे घरी घेऊन गेला.”

सरांना हसू फुटलं, ते थांबेचना. “अगं, ती आमची रेघ! नववीच्या पोरांची! इतकी सरळ आली का, की सरकारी वाटावी?”

“हसा, हसा,” सविताबाई म्हणाल्या. “छबूबाईनं चहाची टपरी मोडली.”

सरांचं हसू तिथंच विरलं. कपाट दारात तसंच सोडून ते चप्पल शोधायला लागले.

गहिनीनाथ सर चित्रकलेचे शिक्षक. तिसगावच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या या गावातल्या हायस्कूलमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना फुलदाणी, सफरचंद आणि सूर्योदय शिकवला होता, आणि त्या सूर्योदयाचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. त्यांना स्वतःला घरं आखायची होती, गावं आखायची होती. कॉलेजात जायच्या वयात ते जमलं नाही. मग एका वर्षी खेळाच्या सरांकडून त्यांनी फक्कीचा डबा मागून आणला. फक्की म्हणजे मैदानावर कबड्डीच्या रेघा मारायची पांढरी भुकटी. डब्याला खालून भोकं पाडली, दोरी ताणली आणि शाळेच्या मैदानावर एक अख्खं घर काढलं. खरं घर असतं तेवढंच मोठं. ओटा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी. दाराच्या जागी रेघ मोकळी सोडलेली.

“आता आत या,” सर म्हणाले. पोरं धावत सुटली.

“ए! भिंतीतून काय येता? भुतं हायत का तुमी? दारातून या!”

तेव्हापासून तो नियमच झाला. रेघ म्हणजे भिंत, भिंतीतून जायचं नाही. पोरं इतकी पक्की झाली, की मैदानातून पळणारा कुत्रा भिंतीतून गेला तरी त्याला ओरडायची. संस्कृती नावाच्या पोरीनं काढलेल्या स्वयंपाकघरात जाडजूड हर्षलला उभं केलं, तर त्याला वळता येईना. सगळे हसून लोळले. सर मात्र हसले नाहीत. “हितं हिची आई रोज भाकरी करनार हाय,” ते म्हणाले, “कुणाचं घर काढताय, तो मानूस आधी घरात उभा करा. मंग रेघ मारा.” पोरांशी बोलताना सरांची भाषा पोरांसारखीच व्हायची.

घरावरून पोरं गल्लीवर आली, गल्लीवरून गावावर. पाण्याची टाकी कुठं हवी, बाजार कुठं भरावा, एसटी कुठं थांबावी. सहामाही परीक्षा संपली आणि दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस उरले, तेव्हा सरांनी सगळ्यात मोठं काम काढलं. शाळेच्या फाटकापासून गावात शिरेपर्यंत पोरांना डांबरावरून चालावं लागायचं. उसाच्या गाड्या सुरू झाल्या की बाजूनं इतक्या जवळून जायच्या, की पोरींच्या ओढण्या उडायच्या. तिथं पायवाट हवी. कागदावर काढून झाली, आता जमिनीवर काढू. रविवारी संध्याकाळी रस्ता सुना असतो, दुकानं बंद असतात. सरांनी दोरी ताणली, पोरांनी फक्की मारली. एका दमात, फाटकापासून गिरणीपर्यंत.

आणि आता चप्पल घालताना सरांना नको ते आठवत होतं. दोरी ताणलेली असताना संस्कृती म्हणाली होती, “सर, छबूआजीची टपरी मधी येतीय.”

सर दोरीकडंच बघत होते. दोरी कशी छान ताठ होती. “नकाशात टपरी नसती, गं,” ते म्हणाले होते. “टपरी आज हितं, उंद्या तितं. मार रेघ.”

टपरीच्या दारातून आत जाऊन मागच्या कुडाखालून बाहेर पडेल, अशी ती रेघ पोरांनी दोन्ही अंगांना मारली होती. टपरीला रविवारी कुलूप असायचं. त्याच टपरीत सर रोज दोनदा चहा प्यायचे.

फाटकाशी पोचले तर तिथं काही नव्हतं. मोडलेली टपरी म्हटल्यावर सरांच्या डोळ्यांपुढं वाकलेले पत्रे, फुटलेल्या बरण्या आल्या होत्या. इथं तसलं काहीच नाही. चार खांबांचे खड्डे मातीनं भरून वरून पायानं दाबलेले. जागा झाडून लख्ख केलेली. जिथं स्टोव्ह असायचा, तिथं तेवढा काळा डाग. आणि त्या स्वच्छ जागेच्या दोन्ही बाजूंनी येऊन थांबलेली पांढरी रेघ, आता मधला तुकडा जोडायला मोकळी.

“पहाटंच मोडली तिनं,” गिरणीवाला म्हणाला. त्याच्या हातात अजून पाटी होती. “मी म्हनलं, थांब, नोटीस तर येऊ दे. तर म्हनली, मागल्या साली फाट्यावर बघितलं न्हाई का? आधी फक्की आली, मंग मशीन आलं. मशीननं पत्रा चेचला की तो कशाचाच राहत न्हाई. आपल्या हातानं काढला तर सरळ राहतो. घंटाभरात गुंडाळलं बगा समदं.”

“गेली कुठं?”

“पोराच्या, बजरंगच्या टोळीसंगं. ऊसतोडीला. तिसगावात गाड्या भरत्यात आज.”

“आणि कारभारी?”

“त्यो बी. हितं एकटा कुटं राहील?”

छबूबाईच्या नवऱ्याचा, कारभारीचा दमा अख्ख्या गावाला ठाऊक होता. तरुणपणी नवरा-बायको दोघं कोयता घेऊन कारखान्याकारखान्यानं हिंडले होते. दर हंगामाला नवी कोपी घालायची, पत्रा-पाचटाची ती झोपडी हंगाम संपला की मोडायची. मग कारभारीची छाती भरायला लागली आणि डॉक्टरांनी सांगितलं, की थंडीत उघड्यावर राहिलात तर खैर नाही. तेव्हा छबूबाईनं शाळेपुढं ही टपरी घातली. पोरगा बजरंग दरसाल जायचा, ही दोघं मागं राहायची. कारभारी टपरीत एका लाकडी खुर्चीत बसून पोरांच्या गोळ्या-बिस्किटांवर लक्ष ठेवायचा. ती टपरी होती म्हणून तो गावात होता.

सरांनी गाडीला किक मारली. गाडी सुरू होईना. गाडीला शिव्या घातल्या, स्वतःला घातल्या, तेव्हा ती सुरू झाली.

तिसगावच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रक उभे होते, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जोडल्या होत्या. त्यांत पत्रे, बाजल्या, हंडे, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या आणि सगळ्यांवर बसलेली माणसं. मुकादम नावं पुकारत होता. सर एकेका गाडीत डोकावत, “छबूबाई! अहो छबूबाई!” करत फिरले. दोनदा त्याच ट्रॉलीपाशी परत आले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कोन हरवलंय, मास्तर? बायको का?” आजूबाजूचे हसले. सरांना उत्तर द्यायलाही सवड नव्हती.

सापडली ती अगदी पुढच्या ट्रॅक्टरवर. टपरीचे पत्रे ट्रॉलीत तळाशी नीट घातलेले, त्यांवर बिछाने, बिछान्यांवर छबूबाई, मांडीवर नातू. कारभारी कडेला टेकून बसलेला, गळ्याभोवती मफलर, पायाशी ती लाकडी खुर्ची उलटी ठेवलेली.

“सर? तुमी हितं कसं?” छबूबाई हसली. “च्या न्हाई आता. दुकान उटलं.”

“छबूबाई, उतरा खाली. ती रेघ सरकारी नाही. आमची आहे. शाळेची. नववीच्या पोरांनी मारलीय. कुणी येणार नाही, काही पाडणार नाही. उतरा, मी स्वतः पत्रे खाली घेतो.”

छबूबाईनं नातवाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिला ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती कारभारीकडं बघून म्हणाली, “आयकलं का? पोरांची रेघ हुती म्हनं.”

“पोरांची?” कारभारी खोकत खोकत म्हणाला. “येवडी सरळ?”

“मी दोरी लावायला शिकवलंय,” सर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या दोरीची लाज वाटली.

“कशाची हुती वो रेघ?” छबूबाईनं विचारलं.

“पायवाटेची. पोरांना चालायला. आम्ही गावाचा नकाशा केलाय, चांगलं गाव कसं असावं त्याचा.”

“बरं केलं. लई जवळून जात्यात गाड्या. मी किती येळा चहाची गाळनी हालवून गाड्या थांबवल्यात, पोरी पलीकडं जाईस्तोवर.” तिनं नातवाचं डोकं सावरलं. “मंग त्या चांगल्या गावात मी कुटं हुते, सर?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शेजारणीला लग्नात आपलं ताट कुठं मांडलंय हे विचारावं, तसं ती विचारत होती. ‘नकाशात टपरी नसती, गं’ एवढं एकच वाक्य सरांच्या डोक्यात घुमत होतं.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “तुम्ही उतरा. कारभारीभाऊंची छाती...”

“आता कसं उतरू? बजरंगच्या जोडीला बायको हाय, ती पोटुशी हाय. मोळ्या कोन बांधनार? मी येते म्हनल्यावर मुकादमानं नाव घातलंय. पत्रं तळाला गेल्यात. ते काढायचं तर आख्खी गाडी रिकामी करावी लागंल, आन समद्यांची तोंडं बगा.”

सर मुकादमाकडं गेले, बजरंगला धरलं. बजरंग मान खाली घालून म्हणाला, “सर, तुमी पहाटंच आला असता तर...” सर परत ट्रॉलीपाशी आले आणि तळातला पत्रा बाहेरून ओढायला लागले. तो काय निघतोय! हाताला कापलं तेवढं.

“सर, सोडा,” कारभारी म्हणाला. तो पहिल्यांदाच सरळ त्यांच्याशी बोलला. “आज तुमची हुती. उंद्या खरी यील. आमाला मोडायची सवं हाय. पोरांना रागवू नगा.”

ट्रॅक्टर हलला. सर बाजूनं चार पावलं चालले, मग थांबले.

हेडमास्तरांनी सरांना खोलीत बोलावून बरंच सुनावलं, आणि रेघ त्याच दिवशी पाणी मारून पुसायला लावली. गिरणीवाल्यानं पाटी पुन्हा चढवली. सलूनवाल्यानं आरसे आणले. गाव आठ दिवस हसलं आणि विसरलं. सर विसरले नाहीत. घरी दारातलं कपाट सविताबाईंनीच शेवटी शेजारणीला हाताशी धरून सरकवलं. त्यानंतर ते तिथून हललं नाही, पलंगही हलला नाही. “बरं नाही का तुम्हाला?” सविताबाईंनी विचारलं. नवरा एका जागी बसायला लागला, तर त्यांना त्याचीच भीती वाटायला लागली.

पण ते बसणं नुसतं अंगाचं होतं. सर मधल्या सुट्टीत फाटकाशी जाऊन उभे राहत. मोकळ्या जागेवर आता मोटरसायकली लागायला लागल्या होत्या, मग एक टेम्पोही लागायला लागला. पोरं पूर्वीपेक्षा जास्त डांबरावर आली.

“सर,” संस्कृती एकदा म्हणाली, “टपरी हुती तवा हितं कुनी गाडी लावत नव्हतं. आजी वराडायची.”

“व्हय,” सर म्हणाले.

“आन गाळनी दाखवून ट्रक थांबवायची. आपल्या नकाशात ट्रक थांबवायला कुनीच न्हाई.”

सरांनी तिच्याकडं बघितलं. ही पोर आपण दोरीकडं बघत असताना माणसांकडं बघत होती, हे त्यांना आता कळलं. वर्गात जाऊन त्यांनी भिंतीवरचा तो मोठा नकाशा काढला आणि टेबलावर उलटा ठेवला. कोऱ्या बाजूवर पोरांना म्हणाले, “आता रेघा न्हाईत मारायच्या. फाटकापासून गिरनीपर्यंत कोन कोन आसतं, आदी त्येंची नावं सांगा.” पोरं सांगत सुटली. सलूनवाला, गिरणीवाला, पंक्चरवाला, दुपारी येणारी बोरंवाली, छबूआजी, कारभारीआजोबा. तास संपला तरी नावं संपली नाहीत.

पौषातल्या थंडीत बजरंगच्या चुलतभावाच्या मोबाईलवर बातमी आली. कारभारी तिकडंच कारखान्यावर गेला. रात्रीतून छाती भरली, कोपीतून दवाखान्यात नेईपर्यंत संपला. तिकडंच उरकलं. सरांनी त्या दिवशी वर्गात काही शिकवलं नाही. घरी आल्यावर सविताबाईंनी ताट वाढलं, तर ते ताटापुढं बसले आणि रडले. मोठ्यानं रडले. “मी मारला गं त्याला,” म्हणाले. सविताबाई म्हणाल्या, “दम्यानं गेला तो,” पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता.

चैत्रात कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळ्या माघारी यायला लागल्या. एका सकाळी सर शाळेत आले, तर फाटकाशी पत्रे उतरवलेले होते. छबूबाई मोटरसायकलवाल्यांना ओरडून गाड्या काढायला लावत होती. कपाळ मोकळं, अंगानं अर्धी झालेली, आवाज मात्र तोच.

सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. बोलायचं ते महिनोन्‌महिने जुळवून ठेवलं होतं. त्यांनी नुसते हात जोडले.

“हात नका जोडू, सर,” ती म्हणाली. “त्येंचं त्ये गेलं. म्या लई दिस तुमच्यावर राग धरला हुता. खोटं कशाला बोलू? अजून हाय थोडा.”

“असू दे,” सर म्हणाले.

“तुमच्या पोरांची पायवाट कुटनं जाती, ते दावा. पोरांला चालाया जागा पायजे, ते काय खोटं न्हाई. मी मागं सरते. पन पार मागं न्हाई. मला रस्ता दिसला पायजे.”

पोरं गोळा झाली होती. संस्कृतीनं धावत जाऊन फक्कीचा डबा आणला, हर्षलनं दोरी. सरांनी दोरीचं टोक हातात घेतलं. मग त्यांनी ती गुंडाळली आणि खिशात घातली.

“छबूबाई, तुम्हीच मारा,” म्हणाले, आणि डबा तिच्यापुढं धरला.

“मला कुटं येतंय?”

“येतंय. तुम्ही कुठं उभं राहणार, ते तुम्हालाच ठाऊक.”

तिनं डबा घेतला. वाकून, पदर खोचून, ती एका जागी उभी राहिली. आधी स्टोव्ह कुठं, मग बरण्या कुठं, मग रस्ता कुठून दिसतो, असं हातानं मोजत फिरली. मग डबा हलवत रेघ मारायला लागली. ती रेघ कडेच्या लिंबाच्या झाडाच्या मुळाशी वळली, पुढं थोडी आत आली, पुन्हा बाहेर गेली. पोरं गालात हसायला लागली. सरांनी नुसतं बघितलं, तशी गप्प झाली. एका बाजूला पायवाटेइतकी जागा सोडून छबूबाई परत सुरुवातीला आली आणि दारापुरती रेघ मोकळी ठेवून थांबली.

“टपरी पयल्यापरीस बारीक झाली,” हर्षल म्हणाला.

“पुरंल,” छबूबाई म्हणाली. “खुर्ची न्हाई आता मांडायची.”

रस्त्यानं एक ट्रक गेला. तो गेल्यावर छबूबाईनं रेघेकडं बघितलं आणि म्हणाली, “वाकडी झाली का वो, सर?”

वाकडी तर इतकी झाली होती, की सरांची बोटं खिशातल्या दोरीवर वळवळत होती. त्यांनी हात बाहेर काढले आणि पाठीमागं बांधले.

“नाही,” ते म्हणाले. “बरोबर आहे.”

दार शाळेच्या बाजूला सोडलेलं होतं. छबूबाईनं पहिला पत्रा उचलला, आणि सर दुसऱ्या टोकाला हात लावायला वळसा घालून त्या दारातून आत गेले.